मारुती ८०० चे हेड आणि सहा व्हॉल्व्ह: घरी केलेल्या दुरुस्तीचा तपशील

इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे व्हॉल्व्ह बसवलेले झाकण, उतरवायचे की नाही, हा निर्णय पाना हातात घेण्याआधी मोजमाप करून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. गाडी ओढत नाही, उभ्या जागी थरथरते, पेट्रोल जास्त खाते, एवढ्यावरून ‘हेडचे काम निघाले’ हा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. पण हीच लक्षणे खराब प्लग, तडकलेली प्लगची वायर, हवा खेचणारे मॅनिफोल्डचे (हेडला जोडलेल्या वायूंच्या नळ्यांचे) गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, किंवा कचरा अडकलेला कार्बोरेटर यांमुळेही दिसतात. आमच्या १९९४ च्या मारुती ८०० चे हेड मी घरच्या पार्किंगमध्ये उतरवले, व्हॉल्व्ह दुरुस्त केले आणि हेड पुन्हा चढवले. त्या कामात काय पाहिले, काय स्वतः केले आणि काय मशीन शॉपकडे सोपवले, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण या गाड्या अजून बऱ्याच घरांत जिवापाड सांभाळल्या जात आहेत आणि त्यांच्या हेडवर घाईने केलेले काम पुढे पूर्ण इंजिनाला भोवते.

या गाडीचे इंजिन तीन सिलिंडरचे आणि ७९६ सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी आणि पिस्टनचा स्ट्रोक ७२ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट हेडमध्येच वर बसवलेला असून तो दातेरी टायमिंग बेल्टवर फिरतो, आणि प्रत्येक सिलिंडरला आत घेणारा एक व बाहेर टाकणारा एक असे एकूण सहा व्हॉल्व्ह आहेत. पुढे २००० च्या सुमारास बारा व्हॉल्व्हचे इंजिनही आले, पण घरी काम शिकण्यासाठी सहा व्हॉल्व्हचे हे साधे हेड अधिक सोयीचे आहे. मोकळे केल्यावर ते एकट्याने सहज उचलता येते.

तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर कमी काम करू लागला की एक तृतीयांश ताकद जाते, त्यामुळे दोष लपून राहत नाही. आमची गाडी सपाट रस्त्यावर कशीबशी चालत होती, पण खंबाटकी घाटात दुसऱ्या गिअरवरही दम टाकू लागली. प्लग, वायर आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी तपासून झाल्यावर मी कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजले. इंजिन गरम असावे, तिन्ही प्लग काढलेले असावेत, इग्निशन कॉइलची वायर सोडवलेली असावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा आणि बॅटरी भरलेली असावी, या अटी पाळल्या नाहीत तर आकड्यांना अर्थ राहत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरला १६५ आणि १६० पीएसआय आले, तर मधल्याला ९५. येथे एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातील फरक महत्त्वाचा असतो. दोन सिलिंडरमध्ये १५ पीएसआयच्या वर फरक दिसला की कारण शोधावे.

त्यानंतर मधल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले. ऑइलमुळे पिस्टनच्या रिंगांची फट काही क्षण बुजते, म्हणून आकडा बराच वाढला तर दोष रिंगांचा असतो. तो जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे पाहावे लागते. आकडा हलला नाही. मग त्या सिलिंडरचा पिस्टन कंप्रेशनच्या वेळी सर्वांत वर येईल अशा स्थितीत आणून प्लगच्या भोकातून नळीने हवा भरली आणि कान दिला. हवा कार्बोरेटरमधून फुसफुसली तर आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या नळीतून आली तर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा, आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग, असे हे सरळ निदान आहे. शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा येत असेल तर दोन सिलिंडरमधली गॅस्केटची पट्टी जळालेली असते. आमच्या गाडीत हवा सायलेन्सरच्या नळीतून स्पष्टपणे बाहेर येत होती. आता हेड उतरवण्याला पुरेसे कारण होते.

पुढचे सगळे निर्णय एका गोष्टीवर अवलंबून आहेत, म्हणून ती आधी सांगतो. बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हची चकती चालत्या इंजिनात सातशे-आठशे अंश सेल्सियसपर्यंत तापते. ही उष्णता बाहेर जायला दोनच मार्ग आहेत. साधारण तीन चतुर्थांश उष्णता व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीच्या कडीवर) टेकलेला असताना सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. उरलेली दांड्यातून गाईडमध्ये, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यात, जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, म्हणजे थंड होण्यासाठी त्याला मिळणारा वेळ सेकंदाच्या अगदी लहान अंशाएवढा असतो. तेवढ्या वेळात तो पूर्ण वर्तुळभर, योग्य रुंदीने आणि नेमका मधोमध टेकला पाहिजे. एके ठिकाणी जरी फट राहिली तरी तप्त वायू तिथून झोताने निघतो, त्या जागेचा धातू खातो, फट वाढते आणि काही दिवसांत कडेला खाच पडते. सीट हवा कोंडते आणि उष्णताही वाहून नेते. ही दोन्ही कामे लक्षात ठेवली की व्हॉल्व्ह घासताना कुठे थांबायचे, हे आपोआप कळू लागते.

याच कारणाने टॅपेटची फट महत्त्वाची आहे. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, म्हणून थंड इंजिनात रॉकर (कॅमच्या रेट्याने व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) आणि दांड्याच्या टोकामध्ये ठरावीक फट ठेवावी लागते, आणि बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह अधिक तापत असल्याने त्याची फट आत घेणाऱ्यापेक्षा जास्त असते. फट उरली नाही तर गरम व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्याची थंड होण्याची वाट बंद होते. आपल्याकडे टॅपेटचा थोडा आवाज आला की तो घालवण्यासाठी फट कमी करून घेण्याची सवय आहे, आणि इंजिन शांत झाले म्हणून मालकही समाधानी होतो. मला ही सवय घातक वाटते. किंचित टकटकणाऱ्या टॅपेटने झीज वाढते, पण फट नसलेल्या टॅपेटने व्हॉल्व्ह जळतो.

फट आपोआपही कमी होते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, त्याचे वरचे टोक रॉकरच्या जवळ येते आणि इंजिन कोणी हात न लावता शांत होत जाते. आमची गाडी काही वर्षे एलपीजीवर चालली होती, आणि एलपीजी किंवा सीएनजीवर ही झीज जास्त वेगाने होते, कारण वायुरूप इंधन सीटवर पेट्रोलसारखा ओलावा किंवा संरक्षक थर ठेवत नाही. पूर्वीच्या पेट्रोलमधल्या शिशाचाही असा थर सीटवर बसत असे. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतून शिसेविरहित पेट्रोलची सुरुवात झाली आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर आले. हवेसाठी आणि मुलांच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच होते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीटची कडी वेगळ्या, कठीण धातूची बसवलेली असते, म्हणून अशा इंजिनांना त्याचा त्रास फारसा झाला नाही. मात्र गॅसवर चालणाऱ्या जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीच्या मालकांनी टॅपेट नियमित तपासलेच पाहिजेत.

हेड नेहमी पूर्ण थंड इंजिनावरून उतरवावे. गरम असताना बोल्ट सैल केले तर ॲल्युमिनियम वाकते. बॅटरीची वायर काढल्यावर कूलंट एका भांड्यात उतरवला आणि लगेच झाकून ठेवला, कारण त्यातले ग्लायकॉल चवीला गोड असते आणि सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतू शकते. बेल्ट काढण्यापूर्वी पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणून क्रँक आणि कॅम या दोन्ही पुलींच्या खुणा जुळवल्या, डिस्ट्रिब्युटरच्या रोटरची दिशा आणि त्याच्या बुडाची जागा रंगाने खुणावली, आणि प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर फोटो काढले. हेडचे बोल्ट बाहेरून आत या क्रमाने, थोडे थोडे करत, अनेक फेऱ्यांत सैल करावेत. गॅस्केट चिकटले असेल तर फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये. त्याने पडलेला ओरखडा पुढे पाणी गळण्याची वाट ठरतो. मॅनिफोल्डच्या बाजूने लाकडी ठोकळ्याने हलके ठोके दिले की हेड सुटते.

सफाईत दोन गोष्टी जपाव्यात. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून, चिकटलेले तुकडे कोरडे खरवडू नयेत; ते तेलाने ओले करावेत, मास्क लावावा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नयेत. दुसरे म्हणजे, बिडाची हेड ज्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळतात, त्यात ॲल्युमिनियमचे हेड कधीही टाकू देऊ नये. कॉस्टिक ॲल्युमिनियम विरघळवतो. मी रॉकेल, पितळी ब्रश आणि लाकडाची पट्टी एवढ्यावर काम केले, अर्थात उघड्या हवेत आणि विस्तवापासून दूर. ब्लॉकवरचा कार्बन काढताना सिलिंडर आणि पाण्या-तेलाची भोके कापडाने बंद केली, कारण पॉलिश पेपरची पूड ऑइलमध्ये गेली तर बेअरिंग खराब होतात.

स्वच्छ हेड उलटे ठेवून त्यावर स्टीलची खात्रीची सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरली आणि तिच्याखाली ०.०५ मिमीचे फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या संचाचे) पान सरकते का ते पाहिले. एवढ्या लांबीच्या हेडला तीच मर्यादा समजतात. लहानसा उंचवटा असेल तर सपाट जाड काचेवर चारशे नंबरचा वॉटर पेपर ठेवून, हेड त्यावर सर्व दिशांना सारखे फिरवत घासून तो उतरवता येतो. वाकडेपणा त्याहून जास्त असेल तर पृष्ठभाग कापून सपाट करणाऱ्या फेसिंग मशीनला पर्याय नाही. आमच्या हेडच्या मधल्या भागात ०.०८ मिमीचे पान जात होते.

फेसिंगसाठी मी पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केली आणि तिथून एका जुन्या मशीन शॉपचा पत्ता मिळाला. हेड बाकावर ठेवून मी विचारले, "काका, किती काढावं लागेल?" त्यांनी हेडकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "फेसिंगचं नंतर बघू, दादा. आधी रॉकर काढून कॅम हातानं फिरवून दाखवा." हे बोलणे मोलाचे होते. कॅमशाफ्ट हेडमध्येच बसत असल्याने हेड वाकले की कॅमच्या बेअरिंगची भोकेही त्याच रेषेत वाकतात. खालचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करता येतो, पण वरची भोके तशीच राहतात. मग कॅम जड फिरतो, तेलाची फट एके ठिकाणी नाहीशी होते आणि हेड पुढे-मागे बाद होते. आमचा कॅम बोटांनी सहज फिरला, कुठेही अडखळला नाही, म्हणून त्यांनी अगदी हलका हात मारून हेड सपाट केले. जितके कमी काढता येईल तितके बरे, कारण हेडची उंची कमी झाली की कंप्रेशन वाढते, आणि बेल्टवर चालणाऱ्या कॅमचे टायमिंगही किंचित मागे पडते.

तडे शोधण्यासाठी रंगद्रव्याचे डबे मिळतात: लाल रंग फवारायचा, पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची, तडा असेल तर लाल रेघ उमटते. दोन व्हॉल्व्ह सीटमधली अरुंद जागा आणि प्लगच्या भोकाची कड ही तड्यांची नेहमीची ठिकाणे आहेत. तिथे रेघ दिसली तर घरचे काम थांबवून हेडची पाण्याच्या दाबावर चाचणी करून घ्यावी.

व्हॉल्व्ह काढायला सी आकाराचा स्प्रिंग कॉम्प्रेसर पुरतो. स्प्रिंग दाबली की दांड्याच्या टोकाजवळचे लॉकचे दोन अर्धे तुकडे मोकळे होतात. ते उडून डोळ्याला लागू नयेत म्हणून चष्मा घालावा. प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग, टोपी आणि लॉक एकत्र राहावेत यासाठी पुठ्ठ्याला सहा भोके पाडून त्यांना क्रमांक दिले. एकमेकांवर घासून बसलेले भाग अदलाबदल झाले तर दोन्हीकडचा मेळ जातो. व्हॉल्व्ह गाईडमधून ओढण्यापूर्वी दांड्याच्या टोकाची कड बोटाने तपासावी. रॉकरच्या माराने तिथे बारीक कंगोरा आलेला असतो. तो कानसीने उतरवल्याशिवाय व्हॉल्व्ह ओढला तर गाईड आतून खरवडला जातो.

मधल्या सिलिंडरच्या बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हच्या कडेला खाच पडलेली दिसली आणि निदानाला दुजोरा मिळाला. तो व्हॉल्व्ह बदलण्यापलीकडे गत्यंतर नव्हते. उरलेल्या पाचांत मी तीन गोष्टी पाहिल्या. दांड्याची जाडी मायक्रोमीटरने वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात मोजली. चकतीच्या कडेची जाडी पाहिली, कारण ती पाऊण मिमीच्या आसपास आली की कड उष्णतेने जळते आणि असा व्हॉल्व्ह पुन्हा घासून वापरणे योग्य नाही. तिसरी गोष्ट दांडा आणि गाईड यांमधला खेळ. हा मोजायला डायल गेज लागतो. व्हॉल्व्ह थोडा उघडून त्याची चकती आडवी हलवली की गेजवर खेळ वाढीव प्रमाणात दिसतो. फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. ती सुमारे ०.१ मिमीजवळ पोचली असेल तर गाईड संपला असे समजावे.

गाईडची तपासणी मी मुद्दाम इतक्या काळजीने सांगतो आहे, कारण घरी काम करणारे बहुतेक जण तिथे न थांबता थेट ग्राइंडिंग पेस्टकडे (व्हॉल्व्ह सीटवर घासायच्या कणीदार पेस्टकडे) वळतात. गाईड सैल असेल तर व्हॉल्व्ह दर वेळी थोड्या वेगळ्या जागी टेकतो आणि कितीही सुंदर घासलेली सीट थोड्याच किलोमीटरमध्ये पुन्हा गळू लागते. सीट कापण्याचे यंत्रही गाईडलाच केंद्र मानते, म्हणून आधी गाईड आणि मग सीट हा क्रम मोडून चालत नाही. आमचे दोन गाईड बदलावे लागले. हेड सगळीकडून सारखे गरम करून जुने गाईड दाबून काढणे, नवे बसवणे, त्यांना रीमर मारणे आणि त्यानंतर सीट कापणे हे सर्व मी त्याच काकांकडून करून घेतले. हे घरी करण्याचे काम नाही, असे मला वाटते. पुण्या-मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशा मशीनकामाची मोठी परंपरा आहे आणि तिथे जुन्या इंजिनांची जाण असलेले कारागीर आहेत.

सीटचा मुख्य उतार ४५ अंशांचा असतो. त्याच्या वरून कमी अंशाचा आणि आतून जास्त अंशाचा कटर फिरवून टेकण्याची पट्टी अरुंद करतात आणि ती व्हॉल्व्हच्या उताराच्या मध्यावर आणतात. या इंजिनात ती १.३ ते १.५ मिमी रुंद असावी. पट्टी फार रुंद झाली तर दाब विखुरतो, कार्बनचे कण मध्ये अडकतात आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही; फार अरुंद झाली तर उष्णता वाहून जायला पुरेशी जागा उरत नाही.

कापलेल्या सीटवर व्हॉल्व्ह घासून बसवणे हे मात्र घरी निवांत करावे असे काम आहे. चकतीला रबरी चूषक लावलेली काठी चिकटवून, उतारावर पेस्टचे तीन-चार ठिपके देऊन, ताक घुसळावे तशी काठी दोन्ही तळव्यांमध्ये पुढे-मागे फिरवायची. दर काही हेलकाव्यांनंतर व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा ठेवायचा, म्हणजे पेस्ट पसरते आणि एकाच जागी रेघा पडत नाहीत. खरखरीचा आवाज मऊ झाला की पेस्ट पुसून पाहावे. पूर्ण वर्तुळभर, कुठेही न तुटलेला, सारख्या रुंदीचा राखाडी पट्टा दिसला की थांबावे. चकाकी येईपर्यंत घासत राहण्याने काहीही साधत नाही. पट्टा रुंद होतो, सीट खोल जाते आणि व्हॉल्व्हच्या उतारावर खाच तयार होते. गरम झाल्यावर व्हॉल्व्हचा व्यास वाढून ही खाच सीटशी जुळेनाशी होते. त्यामुळे खड्डे पडलेला व्हॉल्व्ह पेस्टने सपाट करत बसण्याऐवजी यंत्रावर ग्राइंड करून घ्यावा किंवा बदलावा. ड्रिल मशीनला व्हॉल्व्ह लावून एकाच दिशेने फिरवण्याची पद्धत काही जण सांगतात, पण तिने गोलाकार चरे पडतात. तिच्या वाटेला जाऊ नये. पेस्ट दांड्याला लागू देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

तपासणीसाठी मी व्हॉल्व्हच्या उतारावर प्रुशियन ब्लू या निळ्या खूण-रंगाचा अतिशय पातळ थर लावला, व्हॉल्व्ह सीटवर दाबून अगदी थोडा वळवला आणि सीटवर उमटलेले वर्तुळ पाहिले. निळा रंग सगळीकडे उमटला तर बैठक बरोबर आहे. त्यानंतर हेड साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने धुतले. पेस्टमधले घर्षक कण निघायला रॉकेलपेक्षा साबणाचे पाणी जास्त उपयोगी पडते. धुतल्याबरोबर ते हवेने कोरडे करून सीट आणि गाईडना तेल लावले, कारण त्यांच्यावर काही तासांत गंज चढतो.

दांड्यांवरचे रबरी ऑइल सील नवे बसवावेत. सकाळी गाडी सुरू करताना निळा धूर येत असेल तर बहुधा हेच सील किंवा गाईड कारणीभूत असतात. सील सरकवताना लॉकच्या खाचांवर प्लास्टिकची पातळ टोपी घालावी, नाहीतर त्याची ओठासारखी कड फाटते. स्प्रिंगा सपाट काचेवर एका ओळीत उभ्या करून त्यांची उंची आणि सरळपणा गुण्याने पाहिला. एखादी इतरांपेक्षा बुटकी किंवा कललेली असेल तर सगळा संच बदलावा. सर्व व्हॉल्व्ह बसवल्यावर प्लग लावून दहनकक्षात रॉकेल ओतले आणि बराच वेळ ठेवून मॅनिफोल्डच्या बाजूची भोके पाहिली. सहाही कोरडी होती. मनाला फार बरे वाटले.

हेड चढवण्यापूर्वी ब्लॉकमधली बोल्टची भोके तेल आणि पाण्यापासून पूर्ण मोकळी करावीत. भोकात द्रव राहिला तर बोल्ट आवळताना त्याला जायला वाट नसते. टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो आणि ब्लॉक तडकूही शकतो. गॅस्केट नवेच असावे, त्यावरची वरच्या बाजूची खूण पाहून ते कोरडे बसवावे, त्यावर कोणताही चिकट पदार्थ लावू नये. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळावेत. हाताच्या अंदाजावर मी येथे अजिबात विश्वास ठेवत नाही, कारण गॅस्केटवरचा दाब सर्वत्र सारखा असणे हीच त्याची ताकद आहे. टायमिंग बेल्ट नवा घातला, खुणा जुळवल्या आणि प्लग न लावता क्रँक पान्याने हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जागेवर आल्याची खात्री केली. या फेऱ्यांत कुठेही अडकल्यासारखे वाटले तर जोर न लावता थांबावे.

टॅपेट सेट करायला हे इंजिन सोपे आहे. फायरिंगचा क्रम १-३-२, आणि तीन सिलिंडर असल्याने क्रँकच्या दर २४० अंशांनी पुढचा सिलिंडर कंप्रेशनच्या टोकाला येतो. त्या वेळी त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दोन्हींची फट एकाच वेळी घेता येते. फीलर गेजचे पान सरकताना हलके धरल्यासारखे वाटले पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून नट आवळून झाल्यावर फट पुन्हा मोजावी. बऱ्याच गाड्यांत फट याच ठिकाणी बिघडते.

कूलंट भरताना केबिनचा हीटर उघडा ठेवला आणि रेडिएटरची टोपी न लावता इंजिन चालवून हवा निघू दिली. पहिली काही मिनिटे जुळणीचे तेल जळून धूर येतो, त्याला घाबरू नये. बुडबुडे सतत येत राहिले तर मात्र इंजिन बंद करून शोध घ्यावा.

हेड का वाकले, याचे उत्तर न शोधता गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे. आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट पूर्वी केव्हातरी काढून टाकलेला होता, आणि रेडिएटरच्या नळ्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी निम्म्या बुजलेल्या होत्या. ‘आपल्याकडे गरम हवामान, थर्मोस्टॅट कशाला’ हा समज अनेक ठिकाणी ऐकू येतो, पण थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला स्थिर राहत नाही, थंड इंजिन जास्त इंधन खाते आणि सिलिंडरची झीज वाढते. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून, त्यावर छापलेल्या तापमानाला तो उघडतो का ते पाहिले. रेडिएटरची टोपीही बदलली. ०.९ बारचा दाब धरणारी टोपी साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू सुमारे ११८ अंशांपर्यंत नेते. तिचा रबर कडक झाला तर पाणी शंभरालाच उकळते आणि हेडमधल्या सर्वांत गरम जागी वाफेचे बुडबुडे धरतात. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये नळाचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. शुद्ध पाण्यात मिसळलेला गंजरोधक कूलंट घालावा आणि तो ठरलेल्या मुदतीत बदलावा, मग गाडी कितीही जुनी असो.

नव्या बैठका पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना सहाही टॅपेट पुन्हा मोजले. दोन बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हची फट किंचित कमी झाली होती, ती जागेवर आणली. तेव्हापासून प्रत्येक सर्व्हिसिंगला, दुरुस्त करण्याआधीची फट सहा रकान्यांत लिहून ठेवतो आहे. एखाद्या रकान्यातला आकडा सलग कमी होत गेला तर ती सीट झिजते आहे असे समजावे, आणि व्हॉल्व्ह जळण्याच्या कितीतरी आधी हेड तपासायला घ्यावे.